नवे शॉकअप, जुनी चकती

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट आहे. मी सकाळचे ऊन खात ओट्यावर बसलो होतो. शेजारचा मुलगा मोटारसायकल घेऊन दारात आला. हा मुलगा चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला. आता तो पाटणला एका दुकानात कामाला जातो. गाडी स्टँडवर लावून तो म्हणाला, "गुरुजी, बघा तरी! पुढचे शॉकअप बदलून घेतले."

गाडी खरोखर ऐटबाज दिसत होती. आधीच्या नळ्या बारीक होत्या. आता उसाच्या कांड्याएवढ्या जाड, चकचकीत नळ्या बसल्या होत्या. मोडीत निघालेल्या दुसऱ्या एका गाडीचे ते शॉकअप होते. जुन्या बाजारात त्याला स्वस्तात मिळाले. खड्ड्यात गाडी आता आपटत नाही, वळणावर डुलत नाही, असे तो सांगत होता. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ब्रेक दाबला की गाडीचे ओझे पुढच्या शॉकअपवर येते. बारीक नळी त्या ओझ्याखाली किंचित वाकते. जाड नळी कमी वाकते.

मी चष्मा लावून खाली वाकलो. माझा लोखंडाशी संबंध तसा शाळेच्या घंटेपुरता. पण भूमिती मी बत्तीस वर्षे शिकवली आहे. वर्तुळ दिसले की मास्तराची नजर केंद्राकडे जातेच. पुढच्या चाकाच्या चकतीला ब्रेकचा चिमटा लावला होता. त्या चिमट्यातल्या पॅडची वरची कड चकतीच्या बाहेर डोकावत होती.

"हे असे का रे?" मी विचारले.

"मिस्त्री म्हणाले, चालवत राहा, आपोआप बसंल. पंधरा दिवस झाले की. आणि गुरुजी, ब्रेक लागतोय! मारून बघा हवं तर."

ब्रेक लागत होता हे खरे. घोटाळा तिथेच होता. ब्रेक लागणे वेगळे आणि ब्रेक जुळलेला असणे वेगळे. पुढच्या रविवारी हा मुलगा आईला मागे बसवून कुंभार्ली घाट उतरणार होता. चिपळूणला त्याची मावशी असते.

तुमच्या घरात मोटारसायकल असेल. नसली तर मुलाच्या, भावाच्या घरी असेल. शॉकअप बदलण्याची हौस हल्ली खेडोपाडी पोचली आहे. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

आधी हा ब्रेक चालतो कसा ते पाहू. पुढच्या चाकाला एक पोलादी चकती जोडलेली असते. तिला डिस्क म्हणतात. मिस्त्री लोक डिस्क प्लेट म्हणतात. चाक फिरते तशी चकती फिरते. चकतीच्या कडेला एक चिमटा असतो. तो कॅलिपर. कॅलिपर चाकाबरोबर फिरत नाही. तो शॉकअपच्या खालच्या नळीला दोन बोल्टांनी पक्का केलेला असतो. त्याच्या पोटात दोन पॅड असतात, चकतीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक. हँडलवरचा लिव्हर दाबला की तेलाच्या दाबाने पॅड चकतीला आवळतात. चकती थांबते, म्हणून चाक थांबते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. चकती बसते चाकावर. चिमटा बसतो शॉकअपवर. म्हणजे चकतीची गत आपल्या लेकीबाळींसारखी आहे. तिला माहेरही सांभाळायचे आणि सासरही. तिची भोके चाकाशी जुळली पाहिजेत आणि तिची कड शॉकअपवरच्या चिमट्याशी जुळली पाहिजे. चाक एका गाडीचे आणि शॉकअप दुसऱ्या गाडीचे, असे झाले की चकतीची ओढाताण सुरू होते. ती कुठेकुठे होते ते आता पाहू.

पहिली ओढाताण चकतीच्या आकाराची. मी घरातून फूटपट्टी आणली. मुलाच्या जुन्या चकतीचा व्यास २८० मिलिमीटर भरला. ज्या गाडीचे शॉकअप आणले होते, तिची चकती मुळात ३०० मिलिमीटरची होती. मुलगा म्हणाला, "वीस मिलिमीटरचा तर फरक. एवढ्याने काय होतंय?"

मी म्हटले, "अरे, फरक वीसचा असला तरी चिमट्याला तो दहाचा लागतो. पण दहा थोडे नाहीत."

वही घ्या आणि आकृती काढा. व्यास म्हणजे वर्तुळाच्या एका कडेपासून केंद्रातून समोरच्या कडेपर्यंतचे अंतर. चिमट्याला मात्र केंद्रापासून कडेपर्यंतच्या अंतराशी देणेघेणे. ती त्रिज्या. त्रिज्या व्यासाच्या निम्मी. ३०० ची त्रिज्या १५०. २८० ची त्रिज्या १४०. फरक १० मिलिमीटर. फिटर लोक सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. तेव्हा हा फरक तीन सुतांहून जरा जास्तच झाला. तेवढा चिमटा केंद्रापासून लांब बसला होता. समजा पॅडची उंची ३० मिलिमीटर आहे. त्यातले १० मिलिमीटर चकतीच्या बाहेर हवेत. तीन भागांतला एक भाग फुकट.

मग ब्रेक लागत कसा होता? इथे भलेभले फसतात. घर्षण हे मुख्यतः किती जोराने आवळले त्यावर ठरते. किती जागा टेकली यावर फारसे ठरत नाही. म्हणून तीनपैकी दोन भाग टेकलेला पॅडही पहिल्या दिवशी चांगला पकडतो. चालवणाऱ्याला वाटते, सारे ठीक आहे. पण टेकलेला भाग झिजतो आणि हवेतला भाग झिजत नाही. त्यामुळे पॅडला पायरी पडते. दोन्ही बाजूंच्या पॅडना पडते. जसजशी झीज वाढते, तसतशा त्या दोन पायऱ्या चकतीच्या कडेवरून एकमेकींकडे सरकतात. एक दिवस पायरीला पायरी टेकते. मग लिव्हर कितीही आवळा, पायऱ्या एकमेकींना दाबत राहतात आणि चकती मधून मोकळी फिरते. शिवाय दट्ट्याचा जोर पॅडच्या मधोमध पडत नाही, म्हणून पॅड तिरका होऊन झिजतो.

मी मुलाला एक पॅड काढायला लावला आणि त्यावरून नख फिरवायला सांगितले. नख अडले. पंधरा दिवसांतच पायरी सुरू झाली होती. तो गप्प झाला.

उलट प्रकारही होतो. चिमटा लहान चकतीसाठी केलेला आणि चकती मोठी. मग चकतीची कड चिमट्याच्या छताला घासते. पण हा प्रकार एका दृष्टीने बरा. चाक फिरतच नाही, तेव्हा चूक घरीच कळते. लपून बसणारी चूक घातक असते.

पुष्कळांचा समज असा की नळीची जाडी जुळली की सगळे जुळले. तो खरा नाही. रॉयल एनफिल्ड कंपनीच्या गाड्यांचेच उदाहरण घ्या. क्लासिक ३५० ही गाडी २०२१ साली नव्या रूपात आली. त्याआधीच्या क्लासिकच्या पुढच्या नळ्या ३५ मिलिमीटर जाडीच्या होत्या आणि पुढची चकती २८० मिलिमीटरची. नव्या क्लासिकच्या नळ्या ४१ च्या आणि चकती ३०० ची. त्याच कंपनीची थंडरबर्ड ३५० आता बनत नाही, पण तिच्याही नळ्या ४१ च्याच होत्या. तिची चकती मात्र २८० ची. इंटरसेप्टर ६५० च्या नळ्याही ४१ च्या आणि तिची चकती ३२० ची. पाहिलेत? कंपनी एक, नळीची जाडी एक आणि चकत्या तीन मापांच्या. जुन्या बाजारातला दुकानदार "एक्केचाळीसचे शॉकअप आहे" एवढेच सांगतो. त्यावरून ब्रेकचे काहीच कळत नाही.

चकती मोठी का करतात हेही सांगतो. जात्याचा खुंटा मध्यापासून लांब असला की दळताना हाताला हलके जाते. मध्याजवळ असला की जड जाते. तसेच चकतीचे. केंद्रापासून लांब पकडले की तेवढ्याच जोरात चाक लवकर थांबते. आणि मोठ्या चकतीत लोखंड जास्त, म्हणून ती तापायला वेळ लागतो.

तापण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडे घाट आहेत. गाडी थांबते तेव्हा तिचा वेग कुठे जातो? त्याची उष्णता होते. ती चकतीत आणि पॅडमध्ये शिरते. वेग दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. उतारावर तर वेग तोच राखायलाही ब्रेक लागतो. समजा गाडी आणि दोन माणसे मिळून ३०० किलो वजन आहे आणि गाडी ३०० मीटर उंची उतरली. एवढ्या उतरण्यात जी शक्ती मोकळी होते, तिच्यावर सुमारे अडीच लिटर गार पाण्याला उकळी येईल. त्यातला काही भाग हवा खाते. खालच्या गिअरमध्ये गाडी घातली तर बराच भाग इंजिन खाते. उरलेला चकतीला सोसावा लागतो. पॅड दोनतृतीयांशच टेकत असेल, तर ती सगळी धग तेवढ्याच पट्ट्यावर येते. सपाट रस्त्यावर पंधरा दिवस निभावलेला ब्रेक घाटात दगा देतो तो असा.

दुसरी ओढाताण आडवी आहे. चकती चिमट्याच्या खाचेत बरोबर मधोमध आली पाहिजे. डावीकडे झुकता कामा नये, उजवीकडेही नको. मिस्त्री म्हणाला होता, कॅलिपर आपोआप जागा घेतो. ते अर्धे खरे आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना सरकता कॅलिपर असतो. त्याचे दट्टे एकाच बाजूला असतात आणि तो दोन पिनांवर आडवा सरकून चकतीला दोन्हीकडून धरतो. म्हणजे तो आडवा सरकतो. वरखाली सरकत नाही. वरखालीची चूक तो कधीच भरून काढणार नाही. 'चालवत राहा, बसंल' या म्हणण्याला म्हणून काही आधार नव्हता.

आणि आडवी चूकसुद्धा तो भरून काढत नाही, नुसती झाकतो. चकती दोनतीन मिलिमीटर बाजूला असली तरी चिमटा सरकून तिला गाठतो. लिव्हर ठीक लागतो. पण पिनांची लांबी ठरलेली असते. पॅड झिजत जातात तसे चिमट्याला आणखी सरकावे लागते. शेवटी पीन संपते आणि चिमटा अडतो. मग एकच पॅड दाबतो, चकती वाकू पाहते. म्हणून पीन मधल्या जागी ठेवून आधी मोजायचे. चिमट्याचे ब्रॅकेट शॉकअपला पक्के असते. त्या ब्रॅकेटच्या खाचेत चकतीच्या दोन्ही बाजूंना किती फट आहे ते पाहायचे. दोन्हीकडे सारखी हवी.

सगळ्यांत खात्रीचे माप मूळ गाडीवरच मिळते. शॉकअप काढण्याआधी ती गाडी उभी असेल, तर शॉकअपच्या ज्या कानाला कॅलिपर अडकतो, त्या कानापासून चकतीच्या पाठीपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहून ठेवा. मग आपल्या गाडीवर चाक बसवून तेच अंतर मोजा. साध्या पट्टीपेक्षा व्हर्नियर बरा. त्याने मिलिमीटरचा दहावा भागही कळतो. कुठल्याही लेथवाल्याकडे तो असतो.

अंतर जुळले नाही तर काही मिस्त्री एक युक्ती करतात. एक्सलवरची कॉलर कमीजास्त करून अख्खे चाकच बाजूला सरकवतात. चकती खाचेच्या मधे येते, मिस्त्री खूश. पण आता चाक दोन शॉकअपच्या मधोमध राहिले नाही. पुढचे चाक एका रेषेत आणि मागचे दुसऱ्या रेषेत. गाडी एका अंगाला ओढते. आणखी एक युक्ती म्हणजे चकतीच्या मागे वायसर घालणे. ती तर माझ्या मते सर्वांत वाईट. चकतीने चाकाच्या हबला पूर्ण अंगाने टेकायचे असते. वायसरवर ती चारपाच ठिकाणीच टेकते. मग सगळा मार बोल्टांवर. गाडी वेगात असताना जोरात ब्रेक मारला, तर पॅड चकतीला जवळजवळ तीन क्विंटलांच्या जोराने ओढतात. हाच ओढा कॅलिपरच्या दोन बोल्टांवरही येतो. पत्र्याचे ब्रॅकेट गावातल्या लेथवर कापून, वेल्डिंग करून कॅलिपर टांगणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या हिमतीला माझा नमस्कार. त्यांच्यामागे बसायची माझी तयारी नाही.

तिसरी गोष्ट माहेरची, म्हणजे चाकाशी नाते जोडणाऱ्या भोकांची. मुलगा म्हणाला, "मग सोपंय. तीनशेची चकती आणून माझ्या चाकावर बसवतो." बसवता येईल, पण भोके जुळली तर. भोके किती आहेत ते आधी मोजा. कुठे तीन असतात, कुठे चार, पाच, सहा. मग ती भोके ज्या वर्तुळावर आहेत, त्या वर्तुळाचा व्यास काढा. चार किंवा सहा भोके असतील तर सोपे आहे. समोरासमोरची दोन भोके घ्या. एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. भोके सारखी असल्यामुळे हेच दोन केंद्रांमधले अंतर झाले. पाच भोके असली तर समोर भोक येत नाही. तिथे शेजारशेजारच्या दोन भोकांचे अंतर मोजा आणि त्याला १.७० ने गुणा. समजा अंतर ६० मिलिमीटर आले. ६० गुणिले १.७० म्हणजे १०२. तेवढा व्यास झाला. तीन भोके असली तर १.१५५ ने गुणा.

चकतीच्या मधले मोठे भोकही पाहा. ते हबच्या उंचवट्यावर नेमके बसायला हवे. सैल असले तर चकती केंद्रात बसत नाही. आणि ती चेपटी आहे की खोलगट तेही पाहा. काही चकत्यांची कड आणि भोकांचा भाग एका पातळीत नसतात. अशी चकती आडव्या मापात फरक पाडते. भोके अर्ध्या मिलिमीटरने चुकतात म्हणून कोणी कानस घेऊन ती लांबट करायला निघाला, तर त्याच्या हातातून कानस काढून घ्या.

चकतीवर बारीक अक्षरांत एक आकडा कोरलेला असतो. ती तिची कमीत कमी जाडी. जुन्या बाजारातली चकती त्या आकड्याहून पातळ झाली असेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

एक्सलचे थोडक्यात सांगतो. नव्या शॉकअपच्या तळाशी एक्सलचे भोक असते. ते आपल्या एक्सलच्या जाडीशी जुळायला हवे. जुळत नसेल तर मिस्त्री म्हणतो, बेअरिंग बदलू. बेअरिंगवर नंबर असतो. शेवटचे दोन आकडे ०२ असले तर आतले भोक १५ मिलिमीटरचे. ०३ असले तर १७ चे. समजा तुमच्या चाकात ६३०२ आहे. त्याचा बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटर. एक्सल १७ चा घालायचा म्हणून ६२०३ आणले, तर त्याचा बाहेरचा व्यास ४०. ते हबमध्ये सैल होणार. ६३०३ आणले, तर ते ४७ चे. ते शिरणारच नाही. तेव्हा बेअरिंग बदलणे वाटते तितके सोपे नाही.

आता तेल. हँडलवर एक लहान दट्ट्या असतो आणि कॅलिपरमध्ये मोठा. समजा वरच्याचा व्यास १२ मिलिमीटर आणि खालच्याचा २४. व्यास दुप्पट झाला, पण क्षेत्रफळ चौपट झाले. त्यामुळे जोर चौपट मिळतो. पण फुकट काही मिळत नाही. खालचा दट्ट्या एक मिलिमीटर सरकायला वरचा चार मिलिमीटर सरकावा लागतो. नव्या कॅलिपरला असे दोन दट्टे असले तर आठ. आपला जुना वरचा भाग तेवढे तेल ढकलू शकला नाही, तर लिव्हर मुठीला जाऊन टेकतो आणि ब्रेक अर्धाच लागतो. म्हणून कॅलिपर बदलला तर त्याच्या जोडीचा वरचा भागही पाहावा. तेलाच्या टोपणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते, तेच घाला. इंजिनचे तेल चुकूनही घालू नका, आतले रबर फुगते.

एक बारीक गोष्ट राहिली. कॅलिपर उजव्या बाजूचा असेल आणि कोणी तो डावीकडे लावला, तर हवा काढायची निपल खाली जाते. हवा नेहमी वर चढते. मग कितीही तेल ओता, हवा आत अडकून राहते आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो.

नव्या गाड्यांना एबीएस असते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले. या गाड्यांच्या चाकावर दातांचे एक कडे असते आणि त्याच्यासमोर चाकाचा वेग मोजणारा डोळा. दुसऱ्या गाडीचे चाक घातले आणि दातांची संख्या वेगळी निघाली, तर यंत्राला वेग चुकीचा कळतो. अशा गाडीला हात न लावलेला बरा. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. मोठा बदल करायचा असेल, तर आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून घ्या. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

मुलाने त्या रविवारी आईला एस.टी.ने पाठवले. "गाडी आहे की दारात," म्हणून ती माउली कुरकुरली, पण गेली. सोमवारी आम्ही दोघे जुन्या बाजारात गेलो. ज्या गाडीचे शॉकअप आणले होते, तिचे पुढचे चाक सुदैवाने अजून विकले गेले नव्हते. रिमचे माप याच्या चाकाइतकेच होते. चाक, चकती, एक्सल, कॉलरी, हँडलवरचा मास्टर सिलिंडर, सगळे एकाच घरचे घेतले. शॉकअपच्या निम्म्याहून जास्त पैसे पुन्हा गेले. पोराचे तोंड उतरले. मी म्हटले, "आधी मोजले असतेस तर आधीच ठरवता आले असते, घ्यायचे की नाही ते." एवढे पैसे होणार हे ठाऊक असते, तर त्याने जुन्याच शॉकअपचे तेल आणि ऑइल सील बदलून भागवले असते. मला विचाराल तर तेही वाईट नव्हते.

सगळे बसवल्यावर मिस्त्रीने आणि आम्ही मिळून तपासणी केली. मिस्त्री भला माणूस. चूक दाखवल्यावर रागावला नाही. उलट म्हणाला, "गुरुजी, हे त्रिज्येचं कुणी सांगितलंच नव्हतं." चकतीचे बोल्ट नवे घातले, कंपनी सांगते तेच. चकतीवर मार्कर पेनने आडवी रेघ मारली. चाक हाताने फिरवून ब्रेक हलकेच लावला. रेघ किती पुसली ते पाहिले. कडेपासून आतपर्यंत सारखी पुसली होती. मग चकती ब्रेक क्लीनरने पुसली. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहिले. मुलगा आणि मी दोघांनी हँडलवर भार टाकून शॉकअप दाबले. तेलाची नळी कुठे ताणली नाही आणि चाकाला लागली नाही. मगच तो शाळेच्या मैदानात चालत्या माणसाच्या वेगाने गाडी फिरवू लागला. पन्नास किलोमीटर झाल्यावर एकेक बोल्ट पुन्हा तपासला. एक किंचित सैल निघाला.

माघात तो आईला घेऊन चिपळूणला गेला. खालच्या गिअरमध्ये, दोनदा थांबून घाट उतरला. परत आल्यावर त्याने पॅड काढून मला दाखवले. मी नख फिरवले. कुठे अडले नाही. जुने पायरी पडलेले पॅड मी त्याच्याकडून मागून घेतले आहेत. खिडकीत ठेवले आहेत. कुणी पोरगा जाड नळ्यांची गाडी घेऊन दारात आला, की आधी त्याच्या हातात ते देतो आणि मग फूटपट्टी काढतो.